मागून बसणारी गाडी

रविवार, २ फेब्रुवारी

ही वही बायकोने, सुलेखाने आणून दिली. गेले आठ दिवस मी घरात गाडीशिवाय दुसरा विषय काढलेला नाही, असं तिचं म्हणणं आहे. ती दिवसभर शाळेत शिकवून दमून येते आणि मी तिला एअर सस्पेन्शन समजावून सांगतो. म्हणाली, "रोज तासभर बोलता ना, ते यात लिहा. मला पोळ्या करू द्या." तर लिहितो.

गाडी जर्मन आहे, मोठी आहे, काळी आहे आणि अकरा वर्षांची आहे. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मी सगळ्यांना सांगतो. एका बिल्डरने विकायला काढली होती. मागच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंग नाही, रबराच्या पिशव्यांत हवा भरलेली असते आणि त्या हवेवर गाडी तरंगते. सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या राजकुमार साळवेला तरंगायची काय गरज, असं पुंडलिकनगरात निदान चार जणांनी आडून विचारलं. माझं उत्तर तयार असतं. आत्यासाठी घेतली.

आत्या म्हणजे पारूबाई, माझ्या वडिलांची बहीण. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून हिनेच वाढवलं. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्य निवडून, चाळून तिने मला बी.ए. केलं. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिथंच एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी पडली, खुबा मोडला. चार हमालांनी तिला चादरीत घालून भर बाजारात टेम्पोत चढवलं. लुगडं गुडघ्याच्या वर सरकलेलं आणि हात चादरीत अडकलेले. खुबा नवा बसला, पण त्या दिवसापासून तिने सांगून टाकलं आहे की पुन्हा कुणाच्या हातावर कुठल्या गाडीत चढणार नाही. डॉक्टरांनी खाली वाकून बसायला मनाई केली आहे, त्यामुळे रिक्षा आणि छोटी कार बाद. जीपमध्ये पाय वर जात नाही, रेल्वेच्या पायऱ्यांचं तर नावच नको.

आणि आता डोळा. एक लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत चालला आहे, असं गावात शिबिराला आलेल्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. चाळिशीत प्रौढशिक्षणाच्या वर्गात जाऊन ती वाचायला शिकली. दर रविवारी विहारात बायकांना पेपर वाचून दाखवायची. दोन वर्षं होत आली, आता दुसरीच कोणी वाचते आणि आत्या तिच्या चुका काढते. शहरात आणून ऑपरेशन करायलाच हवं.

म्हणून गाडी. कारण एकदम खणखणीत आहे. मीसुद्धा त्यावर जवळजवळ विश्वास ठेवला आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी शेजारचे नानासाहेब गॅलरीतून म्हणाले, "साळवे साहेब, तुमची गाडी मागून बसल्यासारखी दिसतीय." नानासाहेबांची वैजापूरकडे बागायत आहे, मुलगा बँकेत आहे आणि दारात पांढरी नवी गाडी आहे. त्यांना माझ्या गाडीचा मागचा भाग काय म्हणून दिसावा?

मी खाली जाऊन पाहिलं. बसलेली होती. मागची चाकं मडगार्डात निम्मी गेलेली. मी त्यांना म्हटलं की जर्मन गाड्यांचं हे असंच असतं, उभी असताना सस्पेन्शन आराम करतं. इंजिन सुरू केलं तर घुर्रघुर्र करत वर आली. "बघा," मी म्हटलं. नानासाहेबांनी बघितलं.

नंतर दाढी करताना लक्षात आलं की आराम करण्याबद्दल मी कुठेच वाचलेलं नाही. वाक्य तोंडातून आपोआप आलं होतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

काल लासूरला गेलो होतो. गाडी रस्त्यावर लोण्यासारखी चालते. आत्याने दारात उभं राहून हात लावून पाहिली आणि विचारलं की रंग कोणता आहे. काळा म्हटल्यावर म्हणाली, उन्हात तापत असंल. येताना नेहमीप्रमाणे तिच्या गल्लीतल्या हापशाचे आठ कॅन भरून आणले. आमच्या नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं आणि त्या पाण्यात डाळ शिजत नाही. हापशाचं पाणी गोड. सुलेखा त्या कॅनची वाट माझ्यापेक्षा जास्त पाहते.

आज सकाळी गाडी परत बसलेली. रबर थंडीने आखडत असावं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज अब्रू गेली, आणि तीही माझ्याच गावात.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे १२ मार्च ही तारीख मिळाली, ते सांगायला लासूरला गेलो. आधी कॅन भरून डिकीत ठेवले आणि मग जेवायला बसलो. जेवून बाहेर येतो तर गल्लीतली दहा-बारा माणसं गाडीभोवती. गाडी मागून पार जमिनीला टेकायच्या बेतात आणि तोंड आभाळाकडे. एकाने विचारलं, "पंक्चर हाय का साहेब?" दुसरा म्हणाला, दोन्ही एकदम पंक्चर कसे होतील. मी पँटची पर्वा न करता खाली वाकून चाकामागे बघत बसलो. बघून मला काय कळणार होतं ते मलाही माहीत नाही, पण माणसं उभी असताना मालकाने काहीतरी बघितलं पाहिजे.

तेवढ्यात मागचा दरवाजा उघडल्याचा आवाज आला आणि गाडी आणखी बोटभर खाली गेली. पाहतो तर आत्या. काठी बाहेर टेकवून ठेवलेली, पाठ सीटकडे करून टेकली आणि मग एकेक पाय उचलून आत घेतला. आरामात बसली होती. मी ओरडलो, "आत्या, उतर, वजन पडतंय." ती उतरली. माणसांसमोर माझ्या आवाजाला जरा धारच आली होती.

उतरल्यावर म्हणाली, "चांगली हाय रे. बाजेइतकीच हाय." सीटच्या कातड्याचं तिला कौतुक वाटलं असावं. मी म्हटलं, तारखेच्या आत गाडी ठणठणीत करून आणतो, मग बस हवी तेवढी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पडेगावला मुनीरभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. मोठ्या वर्कशॉपवाल्याने फोनवर जो खर्च सांगितला तो मी इथे लिहीत नाही, कारण ही वही सुलेखा वाचते असा मला संशय आहे. मुनीरभाई साठीचे आहेत, शांत आहेत आणि गाडी जर्मन आहे हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी गाडी वर घेतली, बादलीत साबणाचं पाणी केलं आणि सायकलचं पंक्चर शोधतात तसं फडक्याने पिशव्यांवर लावलं. दोन्हीकडून फुगे. माझी तरंगणारी गाडी साबणाचा फेस काढत होती.

मग त्यांनी डिकी उघडली. परवाचे दोन कॅन अजून आतच होते आणि गालिच्यावर आठ गोल डाग पडलेले स्पष्ट दिसत होते. मुनीरभाईंनी ते बोट लावून मोजले.

"साब, ये गाडी है के टँकर?"

मी म्हटलं, रबर जुनं आहे ना. ते म्हणाले, रबर जुना तो हैच, लेकिन हर हफ्ते आठ कॅनां डालेंगे तो नया भी क्या करेगा बिचारा. भेगा पडल्यात, हवा टिकत नाही, आणि सारखी हवा भरून भरून पंपाचाही जीव चालला आहे. म्हणजे गाडी उभी असताना आराम करत नव्हती, मरत होती. आणि मी तिला दर रविवारी दीड क्विंटल पाणी वाहायला लावत होतो. एवढी गाडी घेऊन मी जे काम करत होतो ते आमच्या गल्लीत लोडिंग रिक्षावाला करतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दोन रस्ते आहेत. नव्या पिशव्या मागवायच्या, त्या बाहेरून येणार, महिना तरी लागेल. किंवा पिशव्या काढून टाकून साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवायच्या, आठ दिवसांत काम, पुन्हा बसायची भीती नाही. मुनीरभाईंचं मत असं की तारखेची घाई नसेल तर पिशव्याच बऱ्या. पण तारखेची घाई आहे. मी स्प्रिंगा सांगून आलो.

खरं लिहायचं तर तारीख हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण नानासाहेब आहेत. परवा ते आपल्या जावयाला गॅलरीतून माझी गाडी दाखवत होते आणि जावई हसत होता.

सुलेखा म्हणाली, "आत्याबाईंना एकदा बसवून बघा आधी." मी म्हटलं, ती बसली आहे की परवा, सहज बसली. ती पोळ्या लाटायला वळली. वादात मी क्वचित जिंकतो, म्हणून नोंद करून ठेवतो.

बुधवार, ५ मार्च

गाडी आली. काय ताठ उभी आहे! उलट आता मागून जरा जास्तच वर, बैलाने शेपूट उचलल्यासारखी. डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा जळत राहतो, तो आता विझणार नाही, त्यावर मुनीरभाईंनी काळी टेप लावून दिली. गतिरोधकावर पाठीचा मणका मोजून काढता येतो. पण बसत नाही. रात्रभर उभी ठेवली, सकाळी तेवढीच. नानासाहेब म्हणाले, "आता कशी छान दिसतीय." मी म्हटलं, जर्मन आहे.

मुनीरभाईंसाठी घाईघाईत चहा मागवायला निघालो होतो. त्यांनी हसून सांगितलं, रोजे चालू आहेत. तीस वर्षं या शहरात राहून एवढं माझ्या डोक्यात येऊ नये.

बुधवार, १२ मार्च

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

सकाळी आठला लासूरला पोचलो. सुलेखाने रजा काढली होती, तीही बरोबर. आत्या नवं पातळ नेसून, पिशवी भरून, ओट्यावर बसलेली. डोळ्यात थेंब घालून झालेले. गल्लीतल्या बायका निरोप द्यायला आलेल्या.

मी मागचा दरवाजा उघडून धरला, दरबान धरतो तसा. आत्या आली, पाठ करून उभी राहिली आणि टेकायला गेली. सीटची कड आता तिच्या कमरेशी येत होती. तिने हाताने चाचपलं. पुन्हा एकदा टाच उचलून पाहिली. मग वळून पाय आधी ठेवता येतो का पाहिलं, तो पायरीपर्यंत पोचेना. दुखलं असणार, पण तोंडातून आवाज काढला नाही.

मी म्हटलं, आत्या, थांब, मी धरतो, एका झटक्यात होईल. आणि मी तिच्या काखेत हात घातले. खरंच घातले. तिने काठी माझ्या पायावर मारली. जोरात नाही, पण बायकांसमोर.

"हात काढ. मी पोतं हाय का?"

मी समजावलं. डॉक्टर वाट पाहताहेत, तारीख मिळत नाही, डोळा पिकलाय, आणखी उशीर झाला तर आतलं पाणी वाढून उरलेली नजरही जाईल असं डॉक्टर म्हणाले आहेत. घरातून पाट आणला. पण पाटावर उभी राहिली तर तोल जायचा, आणि मोडलेल्या बाजूवर भार नको. गल्लीतला कडुबा खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, खुर्चीसकट उचलू, चौघंजण हाव. चौघंजण हे ऐकून आत्याचा चेहरा असा झाला की मीच त्याला परत पाठवला.

ती पुन्हा ओट्यावर जाऊन बसली. भरलेली पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मागच्या बारीला नीट व्हती गाडी. माझ्या माझ्या बसले व्हते. कशाला उंच केली रं?"

मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. तिने ते तेव्हाच सांगितलं होतं. बाजेइतकी. मला वाटलं कातड्याचं कौतुक आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या पायाने एका गाडीत बसली होती, आणि मी तिला उतर म्हणालो होतो, वजन पडतंय म्हणून. अठ्ठेचाळीस किलोची बाई. मागे दीड क्विंटल पाणी ठेवलेलं होतं ते मला चाललं.

डॉक्टरांना फोन करून तारीख रद्द केली. पुढची २६ तारीख. ते म्हणाले, यानंतर मात्र थांबू नका, मी मग जबाबदारी घेणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

 आज जेवताना सुलेखाने एवढंच विचारलं, की गाडी कुणासाठी घेतली होती.

मी तोंड उघडलं आणि तयार उत्तर आलं नाही. गाडी मी कचेरीच्या पार्किंगसाठी घेतली. तीस वर्षं ज्यांच्या फायलींवर शिक्के मारले त्यांच्या गाड्यांच्या रांगेत उभी करायची होती म्हणून घेतली. नानासाहेबांच्या गॅलरीसाठी घेतली. आत्यासाठी घेतली असती तर गाडी बघायला जाताना खिशात टेप घेऊन गेलो असतो आणि तिच्या बाजेची उंची मोजली असती. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने माझ्या ताटात भात वाढला. म्हणाली, मग आता मोजा.

शनिवार, १५ मार्च

काल सकाळी धुळवडीच्या रंगातून वाट काढत लासूरला जाऊन बाजेची उंची मोजून आलो. आत्या बाजेवर बसलेली असतानाच मोजली. तिने विचारलं काय करतोस. मी म्हटलं, माप घेतोय. तिला वाटलं नवी बाज आणतोय, म्हणाली, ही चांगली हाय, नको.

आज मुनीरभाईंकडे गेलो. कसं सांगावं कळेना. शेवटी सरळ सांगून टाकलं, "मुनीरभाई, गाडी पहिल्यासारखी बसती करून द्या."

त्यांनी पाना खाली ठेवला. लोक इथं बसलेल्या गाड्या उभ्या करून घ्यायला येतात, म्हणाले, चाळीस वर्षांत असं पहिलंच गिऱ्हाईक. मग मी पहिल्यापासून सांगितलं. चादर, हमाल, बाज, आणि मी ओरडलो तेही. ते फडक्याने हात पुसत ऐकत होते. हसले नाहीत. माझी चूक ऐकून न हसणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला.

फाटक्या पिशव्या परत लावायला त्यांनी साफ नकार दिला. रस्त्यात मध्येच खाली बसली तर? आईला घेऊन जाणार ना. मी आत्या म्हटलं. ते म्हणाले, एकच बात. मग विचार करून त्यांनी सांगितलं की नव्या पिशव्यांचा एक जोड पुण्याच्या ओळखीच्या माणसाकडे नुकताच आलाय, तो दहा दिवसांत आणतो, आणि नळीला बाहेरून एक वाल्व बसवतो, ट्यूबला असतो तसा. उभी केली की दाबून हवा सोडायची, गाडी खाली. त्या बसल्या की इंजिन चालू, गाडी वर. आठवडाभर रोज्याच्या वेळेतही काम करतो म्हणाले.

"बस एक बात, साब. पानी के कॅनां नक्को."

सुलेखाला सांगितलं तेव्हा तिने कॅनचा हिशोब न करता मान हलवली. डाळीत सोडा टाकू म्हणाली.

सोमवार, २४ मार्च

गाडी मिळाली. मोजपट्टी लावली. हवा सोडल्यावर बाजेपेक्षा दोन बोटं उंच राहते. डिकीत काय ठेवलं तर खाली जाईल ते मला माहीत आहे, पण ठेवणार नाही. मुनीरभाई म्हणाले, तुम्ही पुढच्या सीटवरून मागे या, ड्रायव्हरचं वजन मागे पडलं की गाडी तेवढी खाली बसेल. मी बसून पाहिलं. बरोबर बाजेइतकी. माझ्या वजनाचा कुणाला तरी उपयोग झाला.

बुधवार, २६ मार्च

आठ वाजता लासूर. गल्लीतली सगळी हजर होती, मागचा तमाशा पाहिलेली. मी चाकामागे वाकून वाल्व दाबला. फुस्स करत हवा सुटली आणि गाडी सगळ्यांदेखत हळूहळू खाली बसली. कुणीतरी हसलं. मी पलीकडच्या दाराने मागच्या सीटवर जाऊन बसलो, पोट पुढे घेऊन, जितकं जड होता येईल तितकं जड.

आत्या आली. हाताने कड चाचपली. काठी सुलेखाकडे दिली. पाठ केली आणि टेकली. मग एक पाय, मग दुसरा. कुणी हात लावला नाही. दार तिने स्वतः ओढून घेतलं.

मी तिच्या शेजारी अंग आवळून बसलेला. ती म्हणाली, "तू इथं कशाला? गाडी कोण चालवणार?"

दुपारी ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. एवढ्या सगळ्या गोंधळानंतर वीस मिनिटं.

शुक्रवार, २८ मार्च

काल पट्टी काढली. आज पुन्हा तपासणी होती, डॉक्टर खूश. दिसतंय, आठवड्यात पेपर वाचता येईल म्हणाले.

दवाखान्याच्या दारात गाडी उभी होती. सकाळी मी ती धुऊन, पुसून, टायरांना काळं लावून आणली होती, हेही लिहून ठेवतो. मी म्हटलं, "आत्या, आता नीट बघ. कशी आहे?"

तिने काळा चष्मा जरा वर केला. उन्हाने डोळ्यात पाणी आलं, ते पदराने टिपलं. गाडीकडे तिने बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली, इतका वेळ की मला वाटलं दिसण्यात काही बिघाड झाला.

"केस कधी पांढरे झाले रं तुझे?"

मी म्हटलं, झाली दोन-तीन वर्षं.

"मला कुणी सांगितलं नाय." तिने माझ्या गालावर हात ठेवला, अंगठ्याने डोळ्याखाली चाचपून पाहिलं. "लई थकलास की."

मी म्हटलं, थांब, हवा सोडतो, आणि चाकामागे वाकलो. हवा सुटायला दोन मिनिटं लागतात. मी चांगली पाच-सात मिनिटं तिथं वाकून राहिलो. उठलो तेव्हा आत्या कधीच आत बसली होती.